इर्केश्ताम: चीनमधून किर्गिझस्तानात स्वतःची गाडी नेलेलं कुणी आहे का इथे?

घाटवेडा | १८ मे २०२५, रात्री ११:०७

नमस्कार मंडळी. आठ-नऊ वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. सांभाळून घ्या.

गाडी: २०१६ची स्कॉर्पिओ, डिझेल, एमएच-१४. माणसं दोन, मी आणि बायको. दोघंही चालवतो. तिने नुकतीच बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे, त्यामुळे "सुट्टी नाही" हे कारण माझ्या हातून गेलं.

बेत असा: १२ सप्टेंबरला चिंचवडहून निघायचं. नेपाळ, रसुवागढीच्या पुलावरून तिबेट, ल्हासा, गोलमुड, दुनहुआंग, तुर्फान, काश्गर. ५ ऑक्टोबरच्या सुमारास इर्केश्तामहून किर्गिझस्तानात उतरायचं. पुढे ओश, बिश्केक, अल्माटी, रशिया, जॉर्जिया, आणि तिथल्या पोती बंदरातून गाडी कंटेनरने न्हावाशेवाला.

चीनमधला एजंट ठरतोय. लंडनपर्यंत गेलेल्यांची वर्णनं भरपूर वाचली, पण सगळी "आणि मग आम्ही सीमा ओलांडली" एवढं एका ओळीत म्हणून पुढे फोटो टाकतात. मला नेमकी तीच ओळ सविस्तर हवी आहे.

आंबटचुका | १८ मे, रात्री ११:३१

विमानाने ओशला जा, तिथे गाडी भाड्याने घ्या, चार दिवस फिरा आणि परत या. उरलेल्या पैशात नवी स्कॉर्पिओ येईल.

(चहा घेऊन बसले आहे. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.)

कळसूबाई१६४६ | १९ मे, सकाळी ७:४५

आम्ही २०१८ला याच वाटेने गेलो होतो. ऑफिसला निघालोय, रात्री लिहितो. तोवर एकच: ५ ऑक्टोबर डोक्यातून काढा. १ ऑक्टोबर हा चीनचा राष्ट्रीय दिन, पाठोपाठ आठवडाभराची सुट्टी. यंदा मध्य-शरदाचा सणही ६ तारखेला आलाय, म्हणून ती ८ पर्यंत लांबली आहे. शिवाय ५ तारखेला रविवार. नाक्यावर कुत्रंसुद्धा भेटणार नाही.

घाटवेडा | १९ मे, सकाळी ८:०२

बाप रे. एजंट हे बोललाच नाही.

सातवाहन | १९ मे, दुपारी १:२०

न्हावाशेवाला क्लिअरिंगच्या कामात माझी बावीस वर्षं गेली, म्हणून कागदाबद्दल लिहितो.

माणसाचा पासपोर्ट असतो तसा गाडीचा कार्ने. आपल्याकडे तो चर्चगेटची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन देते. मुदत एक वर्ष. प्रत्येक पानाचे तीन तुकडे असतात: देशात शिरताना एक फाडून घेतात, निघताना दुसरा, तिसरा दोन्ही शिक्क्यांसह तुमच्याकडे राहतो. निघतानाचा शिक्का राहिला की त्या देशाच्या लेखी तुम्ही गाडी तिथेच विकली, आणि त्यांनी मागितलेली ड्यूटी तुम्ही ठेवलेल्या हमीतून जाते. म्हणून तर आधी हमी घेतात.

गंमत म्हणजे तुमच्या वाटेवरचे मोठे देश कार्ने विचारतच नाहीत. चीन मानत नाही, त्याची स्वतःची कागदपत्रं आहेत. किर्गिझस्तान २०१५पासून युरेशियन आर्थिक संघात आहे, त्यामुळे तिथे शिरताना गाडीची जी तात्पुरत्या आयातीची नोंद होते तीच कझाकस्तान आणि रशियात चालते. तो कागद जीवापाड जपा. आपल्या गाडीला नेपाळात नेहमीचं भन्सार (तिथली कस्टमची नोंद) करता येतं, पण तुम्ही परत भारतात न येता वर तिबेटात निघणार, म्हणून तिथे कार्ने बरा. आणि खरा उपयोग परतीला, न्हावाशेवाला "हीच ती गाडी, इथूनच गेलेली" हे दाखवायला.

आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओत मिळेल, तोही वर्षाचा. पण तो १९४९च्या करारावर चालतो आणि चीन त्या करारात नाही. तिथे तात्पुरता चिनी परवाना आणि तात्पुरती नंबर प्लेट. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र घ्या. आणि नंबर प्लेट देवनागरीत हौसेने केली असेल तर हौस घरी ठेवा.

आंबटचुका | १९ मे, दुपारी १:४४

"हौस घरी ठेवा" हे या धाग्याचं शीर्षक हवं होतं.

कळसूबाई१६४६ | १९ मे, रात्री १०:५०

बसलो एकदाचा.

इर्केश्ताम म्हटलं की खिंड, बर्फ, झेंडा, काटेरी तार असं चित्र डोळ्यासमोर येतं. खिंड काही फार उंच नाही, ३,००० मीटरच्या आतबाहेर. तिबेटात तुम्ही याहून कितीतरी वर झोपलेले असता. पण चीनमधून निघण्याचा शिक्का तिथे बसतच नाही. तो बसतो वुछियाला, सीमेच्या १४० किमी अलीकडे. म्हणजे तुम्ही कागदोपत्री चीनबाहेर पडता आणि मग तासन्‌तास चीनमध्येच गाडी चालवता. त्या पट्ट्यात मुक्काम नाही, मागे फिरणं नाही. काहीही बिघडलं तर तुम्ही कुठल्याच देशात नसता.

आमच्या तीन गाड्या, अकरा माणसं. शुक्रवारी सकाळी वुछियाला पोचलो. सगळं सामान उतरवलं, गाड्या एक्स-रे खालून गेल्या, मोबाइल तपासून झाले. पुढच्याच वर्षी, २०१९च्या जुलैत, गार्डियन, न्यूयॉर्क टाइम्स वगैरेंनी छापलं होतं की याच नाक्यावर प्रवाशांच्या फोनमध्ये एक अ‍ॅप घालून संपर्क, मेसेज उचलतात. आमच्या फोनचं काय झालं देव जाणे. तुम्ही साधा, रिकामा फोन न्या. भारताचा नकाशा छापलेलं काहीही नेऊ नका, दलाई लामांचा फोटो तर नाहीच.

दोन गाड्या पास झाल्या. माझ्या गाडीशी घोडं अडलं. एजंटने महिन्यांपूर्वी भरलेल्या कागदात चॅसी नंबरातल्या ८च्या जागी इंग्रजी बी पडला होता. सतरा अक्षरांत एक. शिरताना कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. इथला अधिकारी अगदी सभ्य. टॉर्च घेऊन वाकला, नंबर वाचला, कागद पाहिला, पुन्हा वाकला आणि मान हलवली. ज्या गाडीने शिरलात ती ही नाही. मग ती कुठे आहे?

या प्रश्नाला काय उत्तर देणार?

तिबेटात नेपाळमधून शिरलं की व्हिसा गटाचा मिळतो. पासपोर्टवर नाही, एका वेगळ्या कागदावर सगळ्यांची नावं. शिरलेत एकत्र तर निघायचंही एकत्र. म्हणजे एका अक्षरापायी अकरा जण अडकले. शनिवार-रविवार नाका बंद. गाईड दोन दिवस फोनवर. व्हिसाचे चार दिवस उरले होते. ते दोन दिवस मी कुणाच्या नजरेला नजर दिली नाही. सोबतचे एक काका नाशिकचे, तेवढे मला येऊन म्हणाले, "असू दे रे, आमच्या सातबाऱ्यावर आजोबांचं नाव चुकलंय, तीस वर्षं झाली." सोमवारी दुरुस्त कागद आला. दुपारी सुटलो.

तेव्हा घाटाची, बर्फाची, घसरड्या रस्त्याची काळजी नंतर करा. एजंट जो जो कागद पाठवेल त्यातला चॅसी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः गाडीखाली पडून ताडून बघा. आरसीवरून नाही, लोखंडावरून.

वेळेचा घोळ वेगळाच. रसुवागढीचा पूल ओलांडला की घड्याळ सव्वादोन तास पुढे: नेपाळ आपल्याहून पाव तास पुढे, चीनभर बीजिंगची वेळ. काश्गरचे लोक आपापसात दोन तास मागचं घड्याळ चालवतात. गाईड "दहा वाजता" म्हणाला की कुठले दहा ते विचारायचं. इर्केश्तामला चीन आणि किर्गिझ घड्याळात दोन तासांचा फरक, आणि जेवणाची सुट्टी दोघांनाही प्रिय. एकाचं जेवण संपून तुम्ही पुढे सरकता तेव्हा दुसऱ्याचं सुरू.

किर्गिझ बाजूला मालट्रकची रांग दिसून छाती दडपेल. गाईड चिनी हद्दीतच उतरतो, त्यामुळे महिन्याभराने पहिल्यांदा गाडीत फक्त आपली माणसं. खासगी गाडीला बहुतेक वेळा पुढे काढतात. आमचं तासाभरात झालं. स्टिअरिंग उजवीकडे बघून कुणी हसलं नाही, तिथे जपानहून आलेल्या तसल्या जुन्या गाड्या खूप आहेत.

घाटवेडा | १९ मे, रात्री ११:३८

दंडवत. वाचनखूण साठवली आहे. गाईड पूर्ण वेळ गाडीतच बसतो?

कळसूबाई१६४६ | २० मे, सकाळी ७:५०

बसतो. तीन गाड्यांत एक गाईड परवडतो, तुमच्या एका गाडीला तोच खर्च एकट्याने. शक्य असेल तर आणखी एक-दोन गाड्या जमवा. शिनजियांगमध्ये तो असल्याचा फायदाच आहे. आमच्या वेळी तिथल्या पेट्रोल पंपांना फाटक होतं: ड्रायव्हर एकटा आत, बाकीचे बाहेर रस्त्यावर उभे.

निवृत्त_सुभेदार | २० मे, सकाळी ९:१५

जय महाराष्ट्र. लडाखात रस्त्यांच्या कामावर बारा वर्षं होतो. घाटवेडा, तुमचा खरा घाट इर्केश्ताम नाही, पहिलाच आहे. नेपाळातलं स्याब्रुबेसी १,५०० मीटर, पुलापलीकडचं किरोंग २,८०० आणि त्यापुढे तिबेटच्या पठारावर चढताना खिंड ५,२०० मीटरच्या आसपास. लोक एका दिवसात चढतात आणि संध्याकाळी डोकं धरून ओकत बसतात. किरोंगला दोन रात्री काढाच. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नये असा नियम आहे. तिथे तो पाळता येत नाही, म्हणून निदान खाली वेळ द्या. उंचीच्या त्रासावरची गोळी, डायमॉक्स, डॉक्टरांना विचारून. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. दोघंही चालवता हे चांगलं, पण चढाच्या दिवशी रात्री झोप न लागलेल्याने स्टिअरिंग धरू नये.

टायर: चिंचवडला ३२ हवा भरली की ५,००० मीटरवर गेज ३८ दाखवेल. हवा वाढलेली नसते, बाहेरचा दाब कमी झालेला असतो. थंडीने त्यातले तीन-चार परत जातात. घाबरून हवा सोडू नका, खाली उतरल्यावर टायर बसेल. तुमच्या चिवड्याची पाकिटंही तशीच फुगतील.

डिझेलगंध | २० मे, दुपारी १२:०५

२०१६ची म्हणजे बीएस-४. नशीबवान आहात. बीएस-६ला काजळी पकडणारा फिल्टर आणि युरिया, त्यात कुठे गंधक जास्त असलेलं डिझेल मिळालं की रडारड. तुमचा टर्बो उंचीवर धापा टाकेल पण चालेल.

चीनमध्ये डिझेल थंडीच्या आकड्याने विकतात: ०, उणे १०, उणे २०, उणे ३५. ऑक्टोबरात तांगगुला खिंडीकडे जाणार असाल, ५,२३१ मीटर आहे ती, तर ०चं भरून रात्री गाडी उघड्यावर ठेवू नका. सकाळी फिल्टरमध्ये मेण सापडेल. दोन डिझेल फिल्टर, एक फॅन बेल्ट, क्लच प्लेट नवी टाकूनच निघा. स्कॉर्पिओचे पार्ट काश्गरला मिळत नाहीत हे सांगायला नको.

लातूरची_ओशमध्ये | २० मे, रात्री ९:४०

मी ओशला एमबीबीएस करते, चौथं वर्ष. इथे आपली महाराष्ट्राची पोरं भरपूर आहेत. मागच्या सप्टेंबरात आम्ही चौघी सारी-ताशला गेलो होतो, म्हणून लिहिते.

इर्केश्तामहून येताना पहिलं गाव नुरा. ते २००८च्या भूकंपात पार झोपलं होतं, ७० च्या वर माणसं गेली. आता ओळीने सारखी घरं आहेत. किल्लारीला आमच्याकडे भूकंपानंतर बांधलेली गावं आहेत ना, तशीच दिसतात, एका मापाची. मी फार वेळ बघत बसले होते.

तिथून पुढे सारी-ताश. ३,१७० मीटर. चार दिशांना चार रस्ते. समोर पामीरची भिंत, त्यातच ७,१३४ मीटरचं लेनिन शिखर. गेस्ट हाऊसमध्ये शेणाच्या गोवऱ्यांची शेगडी असते, वासानं एकदम आजीकडे गेल्यासारखं वाटलं. शाकाहारी असाल तर अवघड आहे बरं का. लगमान म्हणजे नूडल्स, त्यातही मांस असतंय. "एत्सिज" म्हणायचं, म्हणजे बिनमांसाचं. तरी रस्सा मटणाचाच निघतो. नान, चाय, बाजार, मैदान हे शब्द इथेही तेच, त्यामुळे पहिल्या दिवशी सगळं समजतंय असं वाटतं. दुसऱ्या दिवशी काहीच समजत नाही.

सारी-ताश ते ओश १८५ किमी, मध्ये ताल्दिक घाट ३,६१५ मीटर. रस्ता डांबरी, चांगला. ऑक्टोबरात वर बर्फ पडू शकतो.

समईची_वात | २० मे, रात्री १०:१२

अवांतराबद्दल क्षमस्व. लातूरची, माझ्या भाचीला ओशलाच प्रवेश मिळतोय. मेस भारतीय आहे का गं? थंडी झेपते का?

लातूरची_ओशमध्ये | २० मे, रात्री १०:३०

मावशी, मेस आहे, पण पोहे घरूनच पाठवा. व्यक्तिगत निरोप केलाय.

घाटवेडा | २४ मे, सायंकाळी ६:१९

बायकोने धागा वाचला आणि विचारलं, सारी-ताशहून दक्षिणेला जो रस्ता दिसतो तो कुठे जातो? मी नकाशा उघडला आणि पस्तावलो. ताजिकिस्तान. किझिलआर्त खिंड, ४,२८० मीटर, पुढे काराकुल सरोवर. आता तिला तेही हवंय.

कळसूबाई१६४६ | २४ मे, रात्री ८:४४

वहिनींना नमस्कार सांगा. तो रस्ता कोविडपासून बराच काळ बंदच होता, त्यात दोन्ही देशांच्या सीमेवर चकमकी झाल्या. यंदा १३ मार्चला दोघांनी सीमाकरारावर सह्या केल्या आहेत, त्यामुळे वारं अनुकूल आहे. किर्गिझ ठाणं आणि ताजिक ठाणं यांच्यामध्ये वीसेक किमी कुणाचीच नसलेली कच्ची वाट आहे. आणि पामीरच्या त्या भागासाठी, गोर्नो-बदख्शानसाठी, वेगळा परवाना व्हिसाबरोबरच घ्यायचा. पुढे वाखानच्या बाजूने गेलात तर नदीपलीकडे अफगाणिस्तान दिसतं. पण आधी एक सीमा नीट पार करा.

तोरुगार्तचा पर्याय कुणी सुचवेल म्हणून आधीच लिहितो: ३,७५२ मीटर, थेट बिश्केककडे उतरतो, वाटेत ताश रबातची जुनी सराई आहे. देखणा आहे पण हवेचा लहरी. ओशला जायचं असेल तर इर्केश्तामच. किर्गिझ ई-व्हिसा कोणत्या नाक्यांवर चालतो त्याची यादी असते, अर्ज करतानाच आपला नाका त्यात आहे ना ते बघा.

सातवाहन | २५ मे, सकाळी १०:००

एक राहिलं. एकदा का तुमच्या नावावर गाडी देशात शिरली की तुम्ही गाडीचे राखणदार. घरी कुणी आजारी पडलं, विमानाने परत यायचं ठरलं, तरी आधी गाडीचं काय ते कस्टमला विचारावं लागतं. म्हणून कागदावर दोघांचीही नावं चालक म्हणून घाला, आणि आरसी तुमच्या नावावर असेल तर वहिनींच्या नावे अधिकारपत्र करून ठेवा. याचा विचार निघताना कुणी करत नाही.

घाटवेडा | २९ जून, रात्री १०:२६

अपडेट: तारीख पुढे ढकलली, आता २५ सप्टेंबर. सुट्टी ल्हासा-गोलमुडकडे संपेल. कोल्हापूरची एक गाडी सोबत आली. एजंटला अर्धे पैसे गेले.

कळसूबाई१६४६ | ८ जुलै, दुपारी ३:०८

घाटवेडा, बातम्या बघितल्या का? पहाटे रसुवागढीला भोटेकोशीला पूर आला. मितेरी पूल गेला. पलीकडे उभ्या असलेल्या गाड्या, कंटेनर वाहून गेले म्हणतात. माणसं बेपत्ता आहेत.

घाटवेडा | ८ जुलै, दुपारी ४:५१

आत्ताच व्हिडिओ पाहिला. शब्द नाहीत. बायको सारखी म्हणतेय, बिचाऱ्या ड्रायव्हर लोकांचं काय झालं असेल.

निवृत्त_सुभेदार | ८ जुलै, रात्री ८:०२

वर हिमनदीवर तळं साचतं आणि एकदम फुटतं, खाली पाऊस नसला तरी पूर येतो. अरुंद दरी आहे, पळायला जागा नाही. २०१५च्या भूकंपानंतर कोदारीचा (तातोपानीचा) नाका बंद पडला तेव्हा सगळा भार याच पुलावर आला होता. रस्ता बांधणाऱ्याला असं काही बघवत नाही.

आंबटचुका | ९ जुलै, सकाळी ११:१५

आज चेष्टा नाही. घाटवेडा, एजंटकडून पैसे परत मिळतात का बघा, निदान पुढच्या वर्षासाठी वळते करून घ्या. सगळं लेखी घ्या.

डिझेलगंध | ९ जुलै, दुपारी २:३०

नेपाळातल्या मुस्तांगहून तिबेटात जायला कोरला नाका आहे ना? २०२३ला उघडला. ४,६६० मीटर, नदीच नाही, पूल वाहून जायचा प्रश्न नाही.

कळसूबाई१६४६ | ९ जुलै, रात्री ९:१९

तो स्थानिकांसाठी आणि मालासाठी. आपल्यासारख्या तिसऱ्या देशाच्या प्रवाशांना नाही. तातोपानीही २०१९ला उघडला तो मुख्यतः मालासाठी. पुढच्या मे महिन्याचं बघा. फेब्रुवारी-मार्च तिबेट परदेशी लोकांना बंदच असतं, तेव्हा तोवर घाई नाही.

घाटवेडा | १३ जुलै, रात्री ९:३३

ठरलं, मे २०२६. एजंटने पैसे वळते केले, लेखी दिलं. कोल्हापूरकरही थांबले.

वेळ मिळालाच आहे तर कळसूबाईंचं ऐकून आज टॉर्च घेऊन गाडीखाली पडलो. बायकोने वरून आरसी वाचली, मी खालून लोखंड. अकराव्या अक्षराला थांबलो. आरसीवर इंग्रजी ओ आहे, लोखंडावर मला शून्य वाटतंय. इन्शुरन्सवरही ओच. नऊ वर्षं मी हाच नंबर सगळीकडे भरतोय. एजंटलाही हाच दिलाय. नक्की काय समजायचं?

सातवाहन | १३ जुलै, रात्री ९:५८

शून्यच आहे. चॅसी नंबराच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं वापरतच नाहीत, १ आणि ० शी गल्लत होते म्हणून. म्हणजे तुमच्या आरसीतच टंकनाची चूक आहे. आधी आरसी, मग इन्शुरन्स, मग कार्नेचा अर्ज. याच क्रमाने.

कळसूबाई१६४६ | १३ जुलै, रात्री १०:०४

बघा. आणि हे वुछियाला कळलं असतं तर?

घाटवेडा | १३ जुलै, रात्री १०:११

अंगावर काटा आला. या आठवड्यात कामाचा ढीग आहे, शनिवारी सकाळी आरटीओत जाऊन येतो.

आंबटचुका | १३ जुलै, रात्री १०:१३

अहो, २०२०पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. शनिवार-रविवार बंद.

घाटवेडा | १३ जुलै, रात्री १०:१५

म्हणजे सराव चिंचवडलाच सुरू झाला.